हजारात पस्तीस

धूमकेतूमुळे ज्याचे नाव शाळकरी पोरांनाही ठाऊक असते, त्या एडमंड हॅलीने १७१५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एक छोटा निबंध छापला. विषय आकाशातला नव्हता. समुद्र खारट का, आणि ज्यांतून एकही नदी बाहेर पडत नाही अशी तळीही खारट का, एवढाच त्याचा प्रश्न होता. उत्तर त्याने साध्या हिशेबाने दिले. नद्या डोंगर-माती धुऊन चिमूट-चिमूट क्षार आणतात. ऊन पाणी उचलून नेते, क्षार नेत नाही. बाहेर वाट नसली की आलेला क्षार तिथेच साठत जातो. मग कुणी आज खारटपणा मोजून ठेवला आणि काही शतकांनी पुन्हा मोजला, तर त्यावरून पृथ्वीचे वयसुद्धा काढता येईल, असे त्याने सुचवले. ग्रीक-रोमनांनी ही नोंद करून ठेवली नाही, याची त्याला हळहळ वाटत होती.

जवळपास त्याच काळात, म्हणजे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, आजच्या गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यात कोलू पाटील कोहळी डोंगरांच्या मधली वाट मातीच्या पाळीने अडवत होते. तो नवेगाव बांध. सात टेकड्यांच्या कुशीतला, सुमारे अकरा चौरस किलोमीटर पसरलेला. हॅलीचे नाव इथे कुणी ऐकले असण्याचा प्रश्नच नव्हता, पण त्याच्या हिशेबातली एक बाजू तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजाला अंगवळणी पडलेली होती: पाणी अडवायचे, तर जास्तीचे पाणी निघून जायला वाट ठेवावीच लागते.

भंडारा-गोंदियाला तलावांचा जिल्हा म्हणतात ते उगीच नाही. (गोंदिया १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झाला, तलाव मात्र दोघांनी वाटून घेतले.) गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्याला त्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन मिळे, असे सांगतात. कोहळ्यांनी उसाच्या आणि धानाच्या ओढीने शेकडो तलाव आणि लहान बोड्या बांधल्या. पुढे मालगुजारांच्या हाती त्यांची मालकी गेली आणि १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपल्यावर ते सरकारजमा झाले. तेव्हापासून कागदोपत्री ‘माजी मालगुजारी तलाव’ आणि बोलण्यात ‘मामा तलाव’. रचना ठरलेली. एका बाजूला पाळ, पाळीच्या पोटात धानाला पाणी सोडणारे तुडूम, आणि कडेला, पाळीच्या माथ्याहून खाली, सांडवा. पावसाळ्यात तलाव भरला की सांडव्यावरून पाणी वाहू लागते. ढीवर लोक त्या वाहत्या पाण्याच्या तोंडाशी जाळी लावतात, कारण चढणीचा मासा तिथेच मिळतो.

मासळीचे सोडून पाण्याच्या चवीकडे पाहिले, तर सांडव्याचे दुसरे काम दिसते. विदर्भाचे ऊन प्रत्येक उन्हाळ्यात या तलावांचे पाणी उडवून नेते. उरलेल्या पाण्यात क्षार थोडा वाढतो. मग पावसाळा येतो, तलाव तुडुंब होतो, सांडवा चालू लागतो आणि साठलेला क्षार वैनगंगेच्या वाटेला लागतो. तिथून प्राणहिता, गोदावरी आणि शेवटी बंगालचा उपसागर. तीनशे उन्हाळे होऊनही नवेगाव बांधाचे पाणी गोड राहिले, ते असे.

सांडवा नसता तर काय झाले असते, ते पाहायला विदर्भाबाहेर जावे लागत नाही. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर उल्कापाताने झालेल्या खळग्यात आहे. झऱ्याच्या धारेचे गोडे पाणी बारमाही त्यात पडते, पावसाळ्यात कडेकडेने ओहोळ उतरतात, पण बाहेर जायला एकही वाट नाही. परिणामी खळग्यातले पाणी खारट आणि इतके अल्कधर्मी, की सामू दहाच्या आसपास. ‘ऐन-इ-अकबरी’त लोणारच्या पाण्यातून काच आणि साबणाला लागणारा माल निघतो असे लिहिले आहे. त्यानंतरही कितीतरी काळ उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठावरचा क्षार गोळा करण्याचा धंदा चालत असे. डल्ला, खप्पल, पापडी, भुस्की अशी त्या मालाच्या प्रतींची नावे जुन्या गॅझेटियरांत सापडतात. प्रत कोणती हे पाणी किती आटले यावर ठरे. जून २०२० मध्ये सरोवर अचानक गुलाबी झाले आणि देशभर छायाचित्रे फिरली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा कारण निघाले ते खाऱ्या पाण्यातच वाढणारे सूक्ष्मजीव: पाणी आटले, खारटपणा वाढला, त्यांचे फावले.

घराच्या बैठकीत ठेवलेली समुद्री मत्स्यालयाची काचेची टाकी ही या दोघांपैकी लोणारच्या जातीची आहे. बाहेर वाट नाही. पाणी उडते, मीठ राहते. गोड्या पाण्यातले गप्पी किंवा गोल्डफिश पाळणाऱ्याला हा हिशेब फारसा छळत नाही. समुद्रातला मासा पाळणाऱ्याला तो रोज करावा लागतो, आणि गेल्या पावणेदोनशे वर्षांतला या छंदाचा इतिहास बहुतांशी या एका हिशेबाचाच इतिहास आहे.

हिशेब कागदावर मांडला तर असा. समुद्राच्या हजार भाग पाण्यात साधारण पस्तीस भाग क्षार असतो. म्हणजे शंभर लीटरच्या टाकीत ढोबळ साडेतीन किलो. त्यातले दहा लीटर पाणी उडाले, तर साडेतीन किलो क्षार नव्वद लीटरमध्ये उरतो, आणि पस्तीसाचे एकोणचाळीस होतात. आता नवखा माणूस काय करतो? समुद्रातल्या माशाला समुद्राचेच पाणी हवे म्हणून दहा लीटर खारे पाणी ओततो. टाकी काठोकाठ भरते, डोळ्याला बरे वाटते, पण क्षार आणखी साडेतीनशे ग्रॅमने वाढतो. असे तीनदा झाले की आकडा पंचेचाळीसवर जातो. उडाले ते गोडे पाणी होते, भरायचेही गोडेच. एवढी गोष्ट समजायला मोठमोठ्या लोकांना वेळ लागला आहे.

या छंदाची सुरुवात लंडनमध्ये, एका पाद्र्याच्या घरात झाली. अ‍ॅना थिन ही त्याची बायको १८४६ साली इंग्लंडच्या टॉर्की किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ घेऊन लंडनला आली. समुद्राचे पाणी किनाऱ्यावरून मागवणे खर्चाचे, म्हणून तेच पाणी ताजे ठेवायचा उपाय तिने काढला: उघड्या खिडकीसमोर उभे राहून एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाणी ओतत राहायचे, म्हणजे त्यात हवा मिसळते. हे काम रोज अर्धा-पाऊण तास घरातली मोलकरीण करत असे. या छंदाच्या इतिहासात त्या मोलकरणीचे नाव कुणी लिहून ठेवलेले नाही. पाण्यात हवा खेळवणारा पहिला पंप खरे तर तीच. मे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले आणि मध्यमवर्गाला काचेच्या टाक्यांचे वेडच लागले.

किनारा दूर असेल त्यांनी काय करायचे? फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाने १८५४ साली त्यावर उपाय छापला. ब्रायटनच्या किनाऱ्यावरच्या पाण्याचे श्वाइत्सर नावाच्या रसायनज्ञाने केलेले पृथक्करण त्याने हाताशी घेतले आणि स्वयंपाकाच्या पुस्तकात द्यावी तशी कृती दिली. घरातले मीठ साडेतीन औंस, इप्सम सॉल्ट पाव औंस, मॅग्नेशियम क्लोराइड दोनशे ग्रेन, पोटॅशियम क्लोराइड चाळीस ग्रेन, आणि साडेचार लीटरला थोडे कमी पाणी. या पाण्यात जीव जगले. समुद्र पाहिलाही नाही अशा गावात समुद्राचे पाणी करता येते, हे पहिल्यांदा सर्वसामान्य वाचकाच्या हाती आले.

गॉसची कृती चालली याचे कारण त्याच्या हातगुणात नव्हते. ते समुद्रात होते. अलेक्झांडर मार्सेने १८१९ साली निरनिराळ्या समुद्रांतले पाणी तपासून म्हटले होते की खारटपणा कमीजास्त असला तरी त्यातल्या क्षारांचे एकमेकांशी प्रमाण सगळीकडे तेच दिसते. डेन्मार्कच्या फोर्शहॅमरने १८६५ मध्ये ते पुष्कळ अधिक नमुन्यांवर दाखवले. मग चॅलेंजर जहाजाने १८७२ ते १८७६ जगाची सफर केली, आणि त्या सफरीतले पाण्याचे ७७ नमुने ग्लासगोच्या विल्यम डिटमारने एकेक करून तपासले. १८८४ मध्ये निकाल आला: मार्से बरोबर होता. समुद्र गार असो की उष्ण, उथळ असो की खोल, त्यातले सोडियम, मॅग्नेशियम, सल्फेट, क्लोराइड यांचे आपसातले नाते बदलत नाही, बदलते ते पाणी. लोणारला हा नियम लागू नाही. तिथे कार्बोनेटचा भरणा आहे, म्हणून लोणारचे पाणी कितीही मोजून-मापून पातळ केले तरी त्यात समुद्री मासा जगवता येणार नाही.

यातून सोय अशी झाली की सगळे घटक मोजायची गरज उरली नाही. एक मोजला की बाकीचे कळतात. मार्टिन नुडसेनने १९०१ साली क्लोरीनवरून खारटपणा काढण्याचे कोष्टक दिले, कोपनहेगनहून प्रमाणित पाण्याच्या सीलबंद नळ्या जगभरच्या प्रयोगशाळांत जाऊ लागल्या, आणि १९७८ मध्ये विजेच्या वाहकतेवरून खारटपणा ठरवण्याचे प्रमाण माप आखले गेले. घरच्या टाकीपाशी मात्र अजूनही काचेचे तरते मापकच जास्त दिसते.

हिंदुस्थानात समुद्राचे पाणी काचेमागे बसवण्याचा मान मद्रासचा. तिथे मरीना किनाऱ्यावर १९०९ साली मत्स्यालय सुरू झाले आणि दुसऱ्या महायुद्धात बंद पडले. मुंबईकरांना वाट पाहावी लागली. डी. बी. तारापोरवाला या पारशी दात्याने दिलेल्या दोन लाख रुपयांची भर पडून मरीन ड्राइव्हवर इमारत उभी राहिली आणि १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्‌घाटन झाले. चर्नी रोड स्टेशनला उतरून शाळेच्या सहली तिथे येत, आणि महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांनी जिवंत समुद्री मासा पहिल्यांदा पाहिला तो तिथल्या काचेमागे. समुद्र रस्ता ओलांडला की समोर, त्यामुळे पाण्याचा प्रश्न सुटला असे वाटावे. तसा तो सुटत नाही. पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्याला नद्या-नाले, खाड्या आणि गटारे मिळून इतके गोडे आणि गढूळ पाणी आणून सोडतात की समुद्रच फिका होतो. जानेवारीतले समुद्राचे पाणी आणि ऑगस्टमधले, दोन्ही एकाच किनाऱ्याचे असले तरी टाकीतल्या माशाच्या दृष्टीने वेगळे. किनाऱ्यावरच्या मत्स्यालयाला पावसाळ्यासाठी चांगले पाणी साठवून ठेवावे लागते. समुद्रकाठी राहण्याची ही फारशी न बोलली जाणारी बाजू.

लंडनच्या विल्यम आल्फर्ड लॉइडने यावर एकोणिसाव्या शतकातच तोड काढली होती. क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली उघडलेल्या मत्स्यालयात त्याने दिखाऊ टाक्यांच्या खाली, अंधारात, त्यांच्या कितीतरी पट मोठे हौद बांधले आणि पाणी सतत वरखाली फिरवत ठेवले. दिसणारे पाणी थोडे, न दिसणारे पुष्कळ. साठा जितका मोठा, तितके एका दिवसाच्या उन्हाचे किंवा चुकीचे वजन कमी. आजच्या घरगुती टाकीच्या कपाटात खाली जी दुसरी टाकी असते, जिला हौशी लोक सम्प म्हणतात, ती लॉइडच्या हौदाचीच धाकटी पाती.

तारापोरवालाला २०१५ मध्ये नवे रूप मिळाले. बारा फूट लांब, अर्धवर्तुळाकार अ‍ॅक्रिलिकच्या बोगद्यातून लोक माशांखालून चालू लागले. पण कोविडच्या काळात दारे बंद झाली आणि पुढे इमारतच धोकादायक ठरली.

आता गोंदिया. नकाशावर सरळ रेघ मारली तर बंगालचा उपसागर इथून सव्वापाचशे किलोमीटर, अरबी समुद्र साडेसातशेच्या पुढे.  त्यामुळे इथे समुद्र आला तो कायम वाळलेल्या रूपात: मीठ आणि सुकट. रेल्वेच्या आधी बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोणी घालून यायचे आणि जाताना धान्य न्यायचे. १८६७ मध्ये मुंबईची गाडी नागपूरपर्यंत आली. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला नागपूरहून छत्तीसगडकडे मीटरगेजची लाइन गेली, मग बंगाल-नागपूर रेल्वेने ती घेऊन रुंद केली, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत सातपुड्याकडे जबलपूरची नॅरोगेज फुटल्यावर गोंदिया जंक्शन झाले. कोकणातले मीठ, सुकट, बोंबील गोणीत बसून आठवडी बाजारात पोचू लागले. जिवंत समुद्री मासा मात्र फार उशिरा आला, कारण त्याला मिठाबरोबर पाणीही लागते आणि पाणी गोणीत बसत नाही.

गॉसच्या कृतीचे कारखान्यातले रूप आले तेव्हा हा प्रश्न सुटला. १९६० च्या दशकात अमेरिकेत ‘इन्स्टंट ओशन’ या नावाने तयार क्षारांचे मिश्रण विकायला आले. पुढे अशा मिश्रणांच्या बादल्या आणि पुडे भारतातही मिळू लागले. आता गोंदियातल्या माणसाने समुद्राचे पाणी मागवायचे नाही, पाणी आपल्या घरचे घ्यायचे आणि समुद्र पुड्यातून ओतायचा. मात्र घरचे पाणी नळाचे किंवा बोअरचे चालत नाही. त्यातही चुना आणि इतर क्षार असतातच, आणि ते पुड्यातल्या क्षारांवर भर घालतात. म्हणून आरओ. त्यातही घरच्या पिण्याच्या मशिनमध्ये चव यावी म्हणून थोडे मूळ पाणी मिसळायची सोय असते, ती बंद करून घ्यावी लागते.

खरी परीक्षा मार्च ते जूनची. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, दुपारी लू वाहते आणि हवेत ओलावा म्हणून उरत नाही. विदर्भातल्या घराला बाष्पीभवन शिकवावे लागत नाही, कूलर ते रोज करून दाखवतो. जूनमध्ये कूलरच्या ताट्या बाहेर काढल्या की त्यांच्यावर पांढरा, खरखरीत थर बसलेला असतो. पाणी खोलीत गेले, क्षार ताट्यांवर राहिले. समुद्री टाकीचे पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर ठेवायचे म्हणून लोक पाण्यावर लहान पंखे लावतात. त्याने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते, पण उतरते ते पाणी उडाल्यामुळेच. थंडावा हवा तर खारटपणाची चढण सोसा, हा सौदा मुंबई-कोकणच्या दमट हवेत इतका महाग पडत नाही, गोंदियात पडतो. ज्याला परवडते तो चिलर घेतो, बाकीचे टाकीवर झाकण ठेवायचे की पंखा चालवायचा या पेचात असतात.

यावर सगळ्यात जुना उपाय फुकट आहे. टाकी भरून, खारटपणा बरोबर असताना, काचेवर मार्करने रेघ मारायची आणि रोज त्या रेघेपर्यंत गोडे पाणी ओतायचे. सम्प असेल तर रेघ सम्पवर मारायची, कारण पंप चालू असताना वरची पातळी हलत नाही, सगळी घट खाली दिसते. रोज आठवण राहत नाही, म्हणून तरंगणारा खटका आला: पातळी बोटभर खाली गेली की बाजूच्या कॅनमधले गोडे पाणी आपोआप सुटते. गावाला जाणाऱ्यांची यामुळे सोय झाली. पण खटक्यावर शेवाळ किंवा गोगलगाय बसली की तो अडकतो आणि कॅन पूर्ण रिकामा होईपर्यंत पाणी पडत राहते. त्यासाठी जाणकार कॅनच लहान ठेवतात. शंभर लीटरच्या टाकीला पाच लीटरचा कॅन असला, तर सगळा ओतला गेला तरी पस्तीसाचे तेहेतीस होतात, मासे मरत नाहीत. पन्नास लीटरचा ड्रम जोडणाऱ्याला हे नशीब मिळत नाही.

घड्याळ लावून ठरावीक पाणी सोडण्याची पद्धतही काहींनी अवलंबली आणि ती पावसाळ्यात अंगाशी येते. मेमध्ये रोज दीड लीटर उडत असेल, तर जुलैत हवा ओली झाल्यावर अर्धा लीटरही उडत नाही. घड्याळाला ऋतू कळत नाही. ते मेच्याच मापाने पाणी सोडत राहते आणि टाकी दिवसेंदिवस फिकी पडते.

मोजण्यातही ऊन आडवे येते. काचेचे तरते मापक पाण्याची घनता दाखवते, आणि गरम पाणी हलके असते. २५ अंशांवर बरोबर दाखवणारे मापक गोंदियाच्या दुपारी ३५ अंशांवर तापलेल्या पाण्यात धरले, तर खारटपणा हजारात तीन-चारने कमी भासतो. माणूस घाबरून मीठ घालतो, आणि संध्याकाळी कळते की पाणी आधीच बरोबर होते. पाण्याचे दोन थेंब काचेवर टाकून डोळ्याला लावायचे दुर्बिणीसारखे रिफ्रॅक्टोमीटर आता बरेच जण वापरतात. तेही आंधळेपणाने मानण्यासारखे नाही. पुष्कळ स्वस्त रिफ्रॅक्टोमीटर साध्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेले असतात, समुद्राच्या पाण्यासाठी नाही. शुद्ध पाण्यावर शून्य बसवले तरी पस्तीसाला आकडा हुकतो. त्यासाठी पस्तीसाचाच प्रमाणित द्रव घेऊन त्यावर ते जुळवून घ्यायचे, म्हणजे एका अर्थी कोपनहेगनच्या त्या नळ्यांचीच प्रथा पाळायची.

आणि सांडवा? तो माणसाला हाताने चालवावा लागतो. दर आठवड्याला-पंधरवड्याला टाकीतले दहा टक्के खारे पाणी काढायचे आणि तितकेच नवे, आदल्या दिवशी कालवून ठेवलेले, त्याच तापमानाचे आणि त्याच खारटपणाचे घालायचे. माशांच्या विष्ठेतून आणि खाण्यातून जे साठते ते यातून बाहेर जाते. काढलेले पाणी कुंडीत, परसात किंवा धानाच्या बांधीत टाकू नये, झाड जळते. जवळच्या बोडीत तर मुळीच नको.

टाकीत कोण ठेवायचे, याला कायद्याचीही चौकट आहे. २००१ मध्ये प्रवाळ, समुद्री पंखे, समुद्रघोडे आणि राक्षसी शिंपले वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात गेले. त्यामुळे भारतीय समुद्रातून उचललेला जिवंत प्रवाळ बैठकीत ठेवणे हा गुन्हा आहे, मग विकणारा काहीही सांगो. माशांच्या बाबतीत चित्र सुधारते आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास बंदिस्त टाकीत करून दाखवली, आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात कांदळवन प्रतिष्ठानाने राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या मदतीने तेच काम हाती घेतले. टाकीत जन्मलेला क्लाउनफिश समुद्रातून पकडलेल्यापेक्षा काटक असतो आणि त्याच्यासाठी कुणाला प्रवाळ फोडावे लागत नाही.

असा मासा मुंबईहून गोंदियाला येतो तो ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत, थर्माकोलच्या खोक्यात, हजारेक किलोमीटरचा रात्रभराचा प्रवास करून. समुद्री मासा सतत समुद्राचे पाणी पितो आणि त्यातले जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. गोंदियाच्या तलावातल्या मरळीचे शरीर याच्या उलट, मीठ धरून ठेवून पाणी बाहेर टाकत असते. समुद्री माशाचे हे यंत्र हळू बदलाला जुळवून घेते, झटक्याला नाही. तारामाशात तर ते यंत्रच नसते, भोवतीचे पाणी जसे तसे त्याचे आतले पाणी होते. दुकानांत बऱ्याचदा मासे हजारात पंचवीस-अठ्ठावीसच्या फिक्या पाण्यात ठेवतात. परजीवी कमी होतात आणि मिठाचाही खर्च वाचतो. त्यात गैर काही नाही, पण घेणाऱ्याला ते ठाऊक हवे. फिक्यात उतरणे माशाला सोसते, खाऱ्यात चढणे कठीण जाते. म्हणून खोके घरी आले की आधी पिशवीतले पाणी मापकाखाली धरायचे. ते टाकीपेक्षा बरेच फिके निघाले, तर एका वेगळ्या लहान टाकीत पिशवीइतकेच फिके पाणी करून मासा त्यात ठेवायचा आणि रोज हजारात एक-दोन या गतीने, काही दिवस घेऊन, खारटपणा चढवत न्यायचा. फरक थोडाच असेल, तर हवेच्या बारीक नळीला गाठ मारून टाकीचे पाणी थेंबथेंब पिशवीतला मासा त्याच्या पाण्यासह ठेवलेल्या बादलीत सोडले की तासाभरात काम होते. मे महिन्यात ती बादली कूलरच्या झोतात ठेवू नये. थेंब पडायच्या आत तिथले पाणी उडायला लागते.